शून्य पूर्णांक शून्य

ती. संजयभाऊंना,

अबुधाबीहून, अल रीम बेटावरच्या सव्विसाव्या मजल्यावरून, दत्तप्रसादचा वाकून नमस्कार (फार वाकत नाही, खाली समुद्र दिसतो). तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? मुग्धा मजेत आहे. जावयाशी मात्र मी परवापर्यंत हवापाण्यावरच बोलत होतो. सहा वर्षांपूर्वी नीरव हॉटेलात शेफ आहे असं कळल्यावर ‘वाढप्याला मुलगी देणार नाही’ म्हणून मी लग्नाला आलो नाही, आणि मामा असून तुम्ही बापाच्या जागी उभे राहिलात. (तुमची बहीण तेव्हा असती, तर तिने मला कान धरून आणलं असतं.)

तोच नीरव आता ड्युटीवर जाण्याआधी रोज माझ्यासाठी ज्वारीची भाकरी थापतो. भाऊ, ती घशाखाली उतरत नाही. माफी मागायची, तर पोटात थोडी बीअर हवी असं मी ठरवलं. एका हॉटेलात ग्लासाचे पंचावन्न दिरहम सांगितले (म्हणजे सव्वातेराशे रुपये, मी नुसतं पाणी पिऊन उठलो, तेही फुकट नव्हतं). मग सुपरमार्केटात चक्क फळांच्या रसांशेजारी बीअर दिसली, चार दिरहमला. डब्यावर ०.० लिहिलं होतं, तो मी टॅक्स समजलो. दोन डबे मेथीच्या जुडीखाली लपवून काउंटरवर नेले, तर तिथला खैरुद्दीन म्हणाला, "बिनधास्त पियो अंकल, बच्चे भी पीते हैं." केवढा मोकळा देश, म्हणून मी थक्क झालो.

शुक्रवारी दुपारी नीरव घरी होता. त्याने डबे पाहिले, ग्लास थंड केले, शेंगदाण्यांवर कांदा-लिंबू घातलं. अर्ध्या ग्लासातच माझी जीभ जड झाली. म्हणालो, "नीरव, मी तुला वाढपी म्हणालो होतो. चुकलो रे."

त्याने शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "बाबा, वाढू का अजून?"

मी ग्लास पुढे केला आणि रडलो. संध्याकाळी मुग्धाने डबा वाचला आणि सांगितलं, की यात दारूचा थेंबही नाही. तेव्हापासून दोघं मला हसताहेत.

आपला,
दत्तप्रसाद

ता. क. दुसऱ्या घोटालाच मला कळलं होतं. मुग्धाला सांगू नका. नीरवला बहुधा ठाऊक आहे.

आणखी एक. त्यांच्या लग्नाचा फोटो तुमच्याकडे असेल, तो पाठवा. मी त्यात नाही, माहीत आहे. तरी पाठवा.