ताईच्या खोलीची भिंत

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच वाकलोय).

तुझी पाठ आता कशी आहे? मी बरा आहे. वजन वाढलंय, बोलायला कोणी नसलं की माणूस खात बसतो.

गेल्या खेपेला तू चांगली आठवडाभर राहायला म्हणून आलीस आणि दुसऱ्याच सकाळी पिशवी भरलीस. माझ्या घोरण्यापायी डोळ्याला डोळा लागला नाही म्हणालीस. मला राग आला (घोरणाऱ्याला येतोच, त्याने ते कधी ऐकलेलं नसतं). पण तू गेल्यावर घर असं खायला उठलं, की राग गिळून मी आपल्या दोन खोल्यांमधली भिंत ठोकून पाहिली. भिंत कसली, लाकडी चौकटीला दोन्हीकडून बोर्ड ठोकलेले आणि आत नुसती पोकळी. म्हटलं, ही भरली तर ताई निदान महिनाभर तरी राहील.

आता भरायचं काय? शेजारच्या सर्वज्ञांनी (निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळंच कळतं) थर्मोकोल सुचवला. तो भरल्यावर सुतार म्हणाला, यानं गारवा टिकेल, आवाज कसला अडतोय. मग काचेच्या बारीक तंतूंचं ग्लासवूल आणलं. ते मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, उघड्या हातांनी भरलं आणि नंतर दाराच्या चौकटीला पाठ घासत फिरलो (पाठ खाजवायलाही घरात माणूस लागतो, हे दुकानदार सांगत नाही). शेवटी दगडाच्या तंतूंचं रॉकवूल आणलं. जड, दाट, आवाजाला हेच खरं. पण आई गाद्या भरून घेताना कापूस ठासायला लावायची ना, तसं मीही एकाच्या जागी दोन थर ठासले. बोर्डाचं पोट सुटलं, स्क्रू उपटून आले. सुताराने कपाळावर हात मारला. इतकं ठासलं की आवाज उलट त्यातूनच पलीकडे जातो म्हणे. त्याने सगळं काढून बेताने बसवलं, सांधे बुजवले आणि वर बोर्डाचा आणखी एक थर चढवला.

राहिली परीक्षा. एकाने घोरायचं, दुसऱ्याने पलीकडून ऐकायचं, आणि घरात मी एकटा. सुतारालाच माझ्या पलंगावर आडवा केला. आधी लाजला, घोरणं काय मागून येतं का, म्हणाला. मग खरंच झोपला. तुझ्या खोलीत पुसटशी घरघर सोडली तर काही नाही, आणि दार उघडून पाहतो तर स्वारी छत हादरवत होती. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. घरात आणखी कोणीतरी झोपलंय, हे फार दिवसांनी घडत होतं. मी दोन कप चहा ठेवला आणि तो उठेपर्यंत पेपर चाळत बसलो.

तर भिंत पास झाली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. यायला जमत नसेल तर संकोच करू नकोस. मी काही वाट बघत बसलेलो नाही. गाडी कोणती ते मात्र लगेच कळव, न्यायला येतो.

आणखी एक ता. क. तुझ्या दाराखाली फट आहे. तिला रबराची पट्टी लावली की आवाजाचं नाव नको, असं सुतार म्हणतो. पट्टी आणलीय, पण मी त्याला लावू दिली नाही. थोडं घोरणं येईल आत, तेवढं सोस. तू सकाळी उठून घरात वावरायला लागलीस, की मला ऐकू यायला हवं.