मागच्या दाराजवळचा पाट कोणाचा

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल सर्व संबंधितांची आधी माफी मागतो. ऑपरेशन मंगळवारी आणि आज रविवार. असली कामं निवांतपणे करावीत असं माझी दिवंगत पत्नी अहिल्या म्हणायची, पण निवांतपणा माझ्या प्रकृतीला कधी मानवला नाही.

मी, मनोहर त्र्यंबक क्षीरसागर, वय एकाहत्तर, शिक्षण सातवी पास व आठवीत थोडे दिवस, धंदा फराळाचा, राहणार अर्विंग, टेक्सास, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गॅस बंद आहे का हे मी सकाळी तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा तो बंद होता, यावरून ते सिद्ध व्हावं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आहे ते माझं मलाच आहे आणि ते लहानपणापासून आहे. ऑपरेशन हर्नियाचं आहे. डॉक्टर म्हणाला, "अंकल, धिस इज रूटीन." घरी येऊन सूनबाई सावनीला रूटीनचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "रोजचंच, बाबा." माणसं मरतातही रोजच, म्हणून लिहीत आहे.

इथल्या मराठी मंडळात मोफत सल्ला द्यायला आलेला वकील म्हणाला, सगळं स्वतःच्या हाताने लिहा, दोन साक्षीदार घ्या आणि साक्षीदारांना काही देऊ नका. त्याप्रमाणे करतो.

कलम पहिलं. राहतं घर माझा मुलगा निमिष याला. वॉटर हीटरखाली बादली ठेवली आहे, ती हलवू नये. बँकेत असेल ते निमिषचंच, शुभाताईंच्या डोळ्यांचा खर्च वजा करून. तो खर्च कसला, ते पुढे येईल.

कलम दुसरं. पितळी सोऱ्या अहिल्येच्या माहेरचा आहे. तो नंदू जोगळेकर याला हातसुद्धा लावू देऊ नये. नंदूने एका दिवाळीत तो नेला आणि चकलीची चकती वाकवून परत आणला. वर म्हणाला, "मन्या, पितळ मऊ असतं रे, माझा काय दोष?" नंदू माझा इथला सर्वांत जुना मित्र आहे. मोठी कढई त्याला द्यायची असं ठरलं होतं, पण साक्षीदार म्हणून दुसरं कोणी मोकळं नसल्याने तो साक्षीदार झाला आणि कढई हुकली. यात मला जरा समाधान आहे, हे खोटं कशाला बोलू.

कलम तिसरं. हेच खरं कलम आहे. ज्यांना वेळ नसेल त्यांनी एवढंच वाचावं.

किराणा दुकानामागची आमची भटारखान्याची जागा भाड्याची आहे. करार या महिन्याच्या अखेरीस संपतो. मी आता थकलो असल्याने नवीन करारावर कोणाची नावं घालायची ते मालकाला कळवायचं आहे. भांडी, भट्ट्या, भाजणीचं प्रमाण आणि 'अहिल्या फराळ' ही पाटी मी निमिष आणि सुवर्णा वानखेडे यांना निम्मी निम्मी देतो. दोघांची नावं पडणार नसतील तर पाटी उतरवावी, भांडी विकावीत आणि जागा सोडून द्यावी. एकट्या निमिषला देत नाही. एकट्या सुवर्णालाही देत नाही.

कारण सांगतो.

निमिष बारा वर्षांचा असताना आम्ही इथे आलो. आता तो कंप्यूटरच्या कंपनीत टीम लीड आहे. त्याला वाईट काम खपत नाही, हा गुण त्याने माझ्याकडून घेतला. दिवाळीच्या गर्दीत तो रजा काढून मदतीला आला. सुवर्णा मूळची नागपूरची, आमच्याकडे बरीच वर्षं आहे. भटारखाना खरा तीच चालवते. तिला कोणाचं वाईट बघवत नाही, हा गुण तिने अहिल्येकडून घेतला.

आता अहिल्येचा नियम. आमच्या भटारखान्यात मागच्या दाराजवळ एक पाट आहे. ज्याला राग येईल, मग तो मालक का असेना, त्याने आधी गॅस बंद करायचा आणि पाटावर जाऊन बसायचं. तेल निवेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा झाला अर्धा नियम. उरलेला अर्धा असा, की तेल निवल्यावर मनातलं बोलल्याशिवाय घरी जायचं नाही. गिळून टाकायचं नाही. या पाटाचा मधला भाग गुळगुळीत झाला आहे तो मुख्यतः माझ्यामुळे. मला राग फार येत नाही, काळजी फार येते, पण अहिल्या म्हणायची, "ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच लागतं. बसा."

आणि मालाचा नियम माझा. प्रत्येक घाण्यातली पहिली चकली कानाजवळ मोडायची. आवाज आला नाही तर तो घाणा विकायचा नाही.

मंडळाची दिवाळीची मोठी ऑर्डर होती. निमिषने त्यातली एक बांधून ठेवलेली पिशवी उघडून चकली मोडली. ती मोडली नाही, वाकली.

"सुवर्णाताई, व्हॉट इज धिस? ही चकली आहे की रबर?"

"निमिष, आधी गॅस बंद कर."

"गॅसचा काय संबंध? चारला डिलिव्हरी आहे! कोणी चेक केलं हे? एवढं बेसिक काम जमत नाही?"

"मी केलं. बंद कर म्हणते ना, काकूंचा नियम आहे."

"आईचा नियम डिलिव्हरी देणार आहे का?"

कढईत तेल तापलेलं होतं. मी मध्ये पडायला हवं होतं, पण मी त्या वेळी दुसऱ्या शेगडीचा गॅस बंद आहे का ते बघत होतो. सुवर्णाने स्वतःच गॅस बंद केला, अ‍ॅप्रन काढून घडी घातली आणि मला म्हणाली, "काका, भाजणी डब्यात भरलीय. येते मी." दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे कॅलिफोर्नियात सांता क्लाराला गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही. 'येते' म्हणाली, 'जाते' म्हणाली नाही, असं मी सावनीला सांगितलं. सावनी म्हणाली, "बाबा, येते सगळेच म्हणतात."

मऊ चकली अहिल्येच्या नावाने जाऊ द्यायची नव्हती, म्हणून मंडळाला नुसते लाडू आणि शेव दिली. नंदू म्हणाला, "चकलीशिवाय फराळ म्हणजे नवरदेवाशिवाय वरात!" तो हे अजून सगळ्यांना सांगत फिरतो.

पाडव्याला सुवर्णाच्या नवऱ्याचा फोन आला. बिचारा हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी मऊ चकल्यांचे डबेच्या डबे आहेत. सुवर्णा उन्हाळ्यापासून आणते. मी रोज चहाबरोबर खातो. आता ती नाही, तर मी खाणं थांबवलं तर चालेल का?"

तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे तळणीला उभ्या राहणाऱ्या शुभाताईंना मोतीबिंदू झाला आहे. तळणीचा रंग त्यांना दिसत नाही. सुवर्णाला हे कळलं होतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही. त्यांचा बिघडलेला घाणा गुपचूप बाजूला काढून घरी नेत राहिली. दिवाळीच्या गर्दीत एक घाणा राहून गेला, तो तिने स्वतःवर घेतला. म्हणजे निमिषने पहिला अर्धा नियम मोडला आणि सुवर्णाने दुसरा. माणसं दोन, नियम एक, आणि भटारखाना बंद.

मी शुभाताईंकडे जाऊन सरळ सांगितलं. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "मनोहरभाऊ, मला वाटत होतं तुम्ही भटारखान्यातले दिवे कमी केलेत. कंजूष म्हणून मनातल्या मनात किती शिव्या घातल्या तुम्हाला!"

कलम चौथं म्हणून असं, की शुभाताईंच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च मी द्यावा, मी नसलो तर माझ्या बँकेतून जावा. तोवर त्यांनी तळणीला उभं राहू नये. त्यांचे कान शाबूत आहेत, म्हणून पहिली चकली मोडून ऐकायचं काम त्यांचं. त्या नाही म्हणाल्या तर घाणा विकू नये, मग मंडळ दारात येऊन उभं राहो.

निमिषला हे सगळं सांगितलं. सोमवारी संध्याकाळी तो ऑफिसच्या पँटमध्ये भटारखान्यात आला आणि कोणी न सांगता पाटावर बसला. गुडघे कानाला लागले होते. फोन वाजला, तो त्याने बंद केला.

"किती वेळ बसायचं, बाबा?"

"तेल निवेपर्यंत."

"आज तेल तापवलंच नाहीये."

"मग बस."

पँटला लागलेलं पीठ झटकत म्हणाला, "पण चकली मऊ होती ना?"

"होती."

"मग मी चुकलो कुठे?"

"चकलीत नाही चुकलास."

त्याने पाटाची कड बोटाने घासली. मग खाली बघत म्हणाला, "माझ्या टीममधला एक मुलगा गेल्या महिन्यात सोडून गेला. तोही असाच. वाद नाही, काही नाही. लॅपटॉप ठेवला आणि थँक यू म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, शांतपणे गेला." मी उठून शेगडीचा गॅस बंद आहे का ते बघितलं. बोललो असतो तर काळजीचंच काहीतरी बोललो असतो.

कलम पाचवं. माझ्या तेराव्याला बाहेरचा फराळ आणू नये. आणलाच तर मोडून बघावा.

कलम सहावं. पाट कोणालाही देत नाही. तो मागच्या दाराजवळच राहील. ज्याला राग येईल त्याचा तो तेवढ्यापुरता. पाटी उतरवायची वेळ आली तर पाट निमिषने ऑफिसात न्यावा.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे, दोनदा.

सही: मनोहर त्र्यंबक क्षीरसागर
अर्विंग, टेक्सास. १८ नोव्हेंबर २००७

साक्षीदार: नंदकुमार जोगळेकर (चकती आधीच वाकलेली होती, हे नमूद करून सही करतो.)
साक्षीदार: डॉ. उत्तरा देवधर, दंतवैद्य, शेजारी

सहीखाली लिहिलेलं धरत नाहीत असं वकील म्हणाला, म्हणून हे इथे लिहितो. सुवर्णा, याची प्रत सावनी आजच तुझ्या बहिणीला ईमेलने पाठवत आहे. मालकाला नावं द्यायची आहेत आणि तुला न विचारता तुझं घालणार नाही. निमिष रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर भटारखान्यात जातो आणि पाटावर बसतो. तुला काय म्हणायचं ते त्याने ठरवलं आहे, मला सांगत नाही. तुलाही त्याला चार शब्द ऐकवायचे असतील. ते गिळू नकोस, त्याच्या तोंडावर बोल. मंगळवारी सकाळी सहाला मला आत नेणार आहेत. त्याआधी कळव. बोलायचं नसेल तर नुसती एक रिंग दे, मी समजेन. पण कळव, बाई, लवकर कळव. तेल केव्हाच निवलं आहे.