तांब्याला टेकवलेला फोन

रविवार, जेवणं आटोपल्यावर

आजपासून रविवारी जेवताना सगळ्यांचे फोन संत्र्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये. नियम माझाच. यांनी बाजारभावासाठी कुरकुर केली, पण ठेवला. धाकटी चक्क बोलत होती.

मग क्रेटमधून माझा फोन वाजला. मोठी पोरगी, पुण्याहून. दर रविवारी याच वेळी ती व्हिडिओ कॉल करते. आम्ही फोन तांब्याला टेकवून ठेवतो, ती तिकडे आपलं ताट घेऊन बसते. हे माझ्या ध्यानातच कसं आलं नाही?

"माय, उचलू काय वं?" धाकटीनं विचारलं.

"नियम तुयाच हाये," हे म्हणाले.

मी भाकरी वाढत राहिले. फोन वाजून थांबला.

सगळे मिळून जेवलो, असं लिहायला बसले होते. तांब्या नुसताच मधे होता. तिकडे ती ताट वाढून बसली असेल.