टेकडीवरून सायकलने

कर्वेनगर, पुणे

अहो,

लेकीच्या घरून साष्टांग नमस्कार. आठही अंगे शाबूत आहेत, एक कोपर तेवढे खरचटले आहे.

आज तनयाबरोबर जाड चाकांची सायकल घेऊन टेकडीवर गेले होते. चढ मी सायकल ढकलतच चढले. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, "काय हो बाई, सायकल आजारी आहे का?"

मी म्हटले, "हो ना, तिला हवापालट करायला सांगितलंय."

उतार मात्र पाय न टेकता उतरले. शेवटच्या वळणावर करवंदीच्या जाळीने आलिंगन दिले, तेव्हा टेकले ते कोपर. तनया घाबरून "आई, आई" ओरडत होती आणि मला हसू आवरत नव्हते.

गोळ्या वेळेवर घेता ना? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सायकलला परवानगी देऊन तीन महिने झाले. तुमच्या हृदयाने ती ऐकली, तुम्ही अजून ऐकलेली दिसत नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही, असे शेजारून कळते.

रविवारसाठी आणखी एक सायकल सांगून ठेवली आहे. सीटची उंची तुमच्या मापाने लावून घेतली आहे. आक्षेप असल्यास शनिवारी समक्ष येऊन नोंदवावा.

वाट पाहणारी,
उल्का