पत्र्यावरचा चुना

डिंडोली, सुरत
धुळवडीनंतरचा रविवार

प्रिय जयश्री,

फोन केला की तू 'बरं आहे' म्हणतेस आणि लगेच फोन चिऊच्या कानाला लावतेस, म्हणून हे लिहितोय.

मी मजेत आहे. डबा शेजारच्या प्रमिलाबाई देतात. त्यांची भेंडी चिकट होते, पण बोलायचं कसं?

यंदा धुळवडीला आपल्या गल्लीने रंग खेळलाच नाही. ऊन आता दरसाल वाढतच जाणार आणि पांढरा पत्रा कमी तापतो, असं एका संस्थेच्या मुलीने समजावलं, मग सगळ्यांनी मिळून घरांच्या पत्र्यांना चुना मारला. नवरा वर आणि बायको खालून बादली देणार, असं घरोघर चाललं होतं. मी आपला चढत-उतरत एकट्यानेच तीन हात मारले.

काल भरदुपारी पाळण्याच्या हुकाखाली हात धरून पाहिला. गेल्या उन्हाळ्यात तिथेच चिऊ घामोळ्यांनी रडायची. आता झळ लागत नाही, खरंच.

माहेरी सगळे कसे आहेत? चिऊ कुणाचं बोट धरून चालते?

तू उन्हामुळे गेलीस, असंच मी सगळ्यांना सांगतो. पत्रा आता गार झालाय. दुसरं काही कारण असेल, तर तेवढं लिही.

तुझाच,
हेमराज