दोन्ही माद्या

बाबा, आपल्याकडे रोज सकाळी फुलं घेऊन यायची, त्या माळणीचा मला हेवा वाटायचा. तुम्हाला हे कधी कळलं असेल असं वाटत नाही. मी इंटर सायन्सला होते, तुमची एकुलती एक मुलगी, आणि तुम्ही प्राणिशास्त्र शिकवायचात. तिला अक्षरओळखही नव्हती. आम्हा दोघींची तुलना करावी असं तुमच्या मनातही आलं नसेल. माझ्या मनात मात्र दुसरं काही येतच नसे.

तुमच्या मित्रानं कलकत्त्याहून पत्र्याच्या डब्यातून सहा एन्जल मासे पाठवले होते, ते तुम्ही पहाटे बडनेऱ्याला जाऊन गाडीतून उतरवून घेतलेत. चपटे, रुपयाएवढे, अंगावर काळे उभे पट्टे. अमरावतीत असले मासे तेव्हा कोणाकडे नव्हते. बैठकीत काचेची टाकी आली, आणि वर्षभरात मासे तळहाताएवढे झाले. त्यातले नर कोणते, माद्या कोणत्या, हे काही केल्या कळेना. कपाळाचा उंचवटा, पंखांची लांबी, पुस्तकातल्या सगळ्या खुणा मी पाठ केल्या होत्या. तुम्ही म्हणायचात, त्या खुणा फसव्या असतात. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली बारीकशी नळी उतरते, नराची निमुळती आणि मादीची जाड, बोथट. खात्रीची खूण तेवढीच. मी तेही वहीत उतरवून घेतलं.

ती बाई फुलं द्यायला आली की दारातूनच टाकीकडे बघत राही. एक दिवस तुम्ही तिला आत बोलावून स्टुलावर बसवलंत आणि ती नळीची गोष्ट तिलाही सांगितलीत. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाली, पपईचंही तसंच असतं, फुलल्याबगर नर का मादी समजत नाही, वाट पाहा लागते. तुम्ही किती खूश झालात! त्यानंतर रोज दहा मिनिटं ती टाकीसमोर बसायची आणि तुम्ही हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिच्याशी बोलायचात. माझ्याशी बोलताना तुम्ही वर्तमानपत्र कधी खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. एकदा मी एका माशाला छातीठोकपणे नर म्हटलं, तेव्हा तुम्ही तिच्यादेखत म्हणालात, "तुझं पाठांतर चांगलं आहे गं. पण जरा हिच्याजवळ बसून बघायला शीक." मी आत गेले आणि आईजवळ पोळ्या लाटत बसले.

पुढे दोन माशांची जोडी जमली. जोडी म्हणजे त्यात एक नर असणारच असं धरून तुम्ही नळ्या तपासल्याच नाहीत. तुम्ही त्यांना वेगळ्या टाकीत ठेवलंत, आत पाटीचा एक तुकडा उभा केलात. त्यावर अंडी आली, ती दोन दिवसांत पांढरी पडून बुरसली. पुन्हा आली, पुन्हा तेच. तुम्ही पाणी बदललंत, दुसऱ्या विहिरीचं पाणी आणून पाहिलंत, तुमचं जेवणात लक्ष लागेना.

हरतालिकेच्या दिवशी तुम्ही अकोल्याच्या कॉलेजात व्याख्यानाला गेला होतात. ती बाई दुपारी पत्री घेऊन दुसऱ्यांदा आली. मासे पुन्हा पाटीशी फिरत होते. ती टाकीसमोर उकिडवी बसते, हातातली पत्री तशीच, आणि कितीतरी वेळ हलत नाही. मग मला जवळ बोलावते. एक मासा पाटीला पोट घासत वर जातो, मागे अंड्यांची ओळ राहते. तो बाजूला होतो, दुसरा येतो, आणि त्याच्याही मागे तशीच ओळ.

"थे पाय, दुसरीबी अंडे देऊन राहिली," ती म्हणाली. "नर नाहीच याच्यात. दोन्ही माद्या हायेत. मास्तर आले का सांगजो त्यायले."

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. टोपी काढायच्या आत मी तुम्हाला टाकीपाशी नेलं, दोघींच्या जाड, बोथट नळ्या दाखवल्या आणि अंडी दोघींनीही घातली म्हणून सांगितलं. "तू पाहिलंस?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. एवढं खरं होतं. पुढचं तुम्ही गृहीत धरलंत आणि मी धरू दिलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुमचं स्वतःचं भिंग, जे तुम्ही कॉलेजातही कोणाच्या हाती देत नव्हतात, ते मला दिलंत. आणि ती बाई फुलं घेऊन दारात आली, तेव्हा तिलाच मोठ्या कौतुकानं सांगितलंत की आमच्या मुलीनं शोधून काढलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फुलं घ्यायला पुढे झाले.

"हो का, मास्तर," ती म्हणाली. "पोरगी हुशार हाय तुमची."

दुसऱ्या दिवसापासून ती आत आली नाही. तुम्ही दोनदा बोलावलंत, तिनं कामाचं निमित्त सांगितलं. फुलं उंबऱ्यावर ठेवून जाऊ लागली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. उरलेल्या चौघांतले नर ओळखायला तुम्ही मला बसवलंत. महिनाभर भिंग लावून मी बसले, मला काहीही दिसलं नाही. मग तुम्ही सांगणं सोडून दिलंत. रागावला नाहीत, पण पुन्हा वर्तमानपत्र हातात घेतलंत.

माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या वर्षश्राद्धाला आले असताना मी गावाबाहेर तिच्या मळ्यात गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. ती शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होती. तिनं मला बसायला पोतं दिलं, तुमची चौकशी केली, तुम्ही गेल्याचं तिला ठाऊक होतं तरीही केली. शेवटी त्रास झाला का, जेवत होते का. मी तिच्या प्रश्नांची उत्तरं देत गेले आणि माफी राहूनच गेली. मग तिनंच विचारलं, "एक सांग बाई. मास्तरले ठाऊक होतं का, थे कोनं ओळखलं होतं?"

"होतं," मी म्हटलं. "मी मागाहून सगळं सांगितलं होतं, आणि तुमचं नाव ते शेवटपर्यंत काढायचे."

ती हसली. तोंडाला पदर लावून, मान खाली घालून, एखाद्या पोरीसारखी किती वेळ हसत राहिली. बाबा, मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि शेवटच्या वर्षांत तुम्ही तिचं नाव काढल्याचं मी ऐकलं नाही. ते हसू मात्र मी पाहिलं; तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हाही मला तसं हसता आलं नव्हतं. आणि तिथे पोत्यावर बसल्या बसल्या मला तिचा पुन्हा हेवा वाटला.