फळ्यावरची सरस्वती

घाटाखालून,
दसरा, १९५८

तीर्थरूप माईस मंदाचा नमस्कार.

मी मजेत आहे. समुद्र लांब, त्यामुळे इथे ताजा बांगडा मिळत नाही, एवढंच दुःख. तुझे गुडघे कसे आहेत?

काल शाळेतल्या सरस्वतीपूजनाला मी मुलांच्या आयांनाही बोलावलं. शाळा कमिटीचे अध्यक्ष ओरडले, "बायलमाणसांचा शाळेत काय काम?" मी खडू सरळ त्या आयांपैकी सुभद्रेच्या हाती दिला. तिला अक्षरओळख नाही, पण रांगोळी घालावी तशी तिने फळाभर सरस्वती काढली. तिची लेक नाचत होती, "माझ्या आवशीन काढल्यान!"

अध्यक्ष म्हणाले, "फळा पुसा, नाहीतर बदली."

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ट्रंक भरून ठेवली आहे. फळा पुसलेला नाही.

तुझीच हट्टी,
मंदा